आधी कार्ड उलटं करा

इंग्लंडमधल्या वर्थिंगला नोकरीनिमित्त आलेल्या एका ताईंनी तिथल्या रविवारच्या कार बूट सेलमधून, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुनं सामान विकायच्या बाजारातून, बुटाच्या खोक्यात भरलेली साठेक जुनी पोस्टकार्डं बारा पौंडांना उचलली. जवळजवळ सगळी ससेक्सची, म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या याच परगण्यातली. ब्रायटन, हेस्टिंग्ज, बॉग्नर, काही अनोळखी खेडी, पवनचक्क्या, नांगराला जुंपलेले बैल, समुद्रात एकटंच उभं असलेलं एक विचित्र घर, आणि एका कार्डावर घुमटाच्या इमारतीसमोर बसलेले फेटेवाले हिंदी सैनिक. त्यांचे प्रश्न तीन: या कार्डांवरून इथला इतिहास खरंच कळतो का, तारखा कशा ठरवायच्या, आणि ते सैनिक मराठे असतील का?

ताई, इतिहास कळतो. पण चित्र बघत बसलात तर उशिरा कळेल. मी तीसेक वर्षं याच भागातली कार्डं आणि फोटो हाताळतोय, आधी हौस म्हणून आणि नंतर एका स्थानिक संग्रहाच्या याद्या करायला. नवीन माणूस खोकं उघडतो, चित्रं बघतो, खालचा मथळा वाचतो आणि गावांप्रमाणे गठ्ठे घालतो. तुम्ही अजून तसे गठ्ठे घातले नसतील तर कृपा करून घालू नका. खोक्यात कार्डं ज्या क्रमाने होती त्या क्रमाने आधी सगळ्यांच्या पाठी मोबाइलवर टिपून घ्या. अशी खोकी बहुधा एखाद्या घरातून निघालेली असतात. पाठीवरची नावं लावून बघितलीत की एकच मावशी, एकच भाचा, एकच पत्ता पुन्हा पुन्हा येताना दिसेल. तो धागा एकदा तुटला की कोणत्याही दफ्तरखान्यात पुन्हा मिळत नाही. गावांप्रमाणे गठ्ठे नंतर केव्हाही घालता येतात.

आता तारखा. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका छोट्या प्रदर्शनासाठी मी ब्रायटनच्या पॅलेस पिअरचं, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या सहलीच्या लांब धक्क्याचं, कार्ड लावलं होतं. पोस्टाचा शिक्का ऑगस्ट १९०८ चा, म्हणून खाली ठसठशीत अक्षरांत '१९०८' लिहून टाकलं. एक निवृत्त बसचालक आजोबा आले, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'थिएटर कुठं गेलं?' हा पिअर मे १८९९ मध्ये खुला झाला आणि त्याच्या टोकावरचं थिएटर १९०१ मधलं. माझ्या कार्डावर टोक बोडकं होतं. म्हणजे कार्ड पोस्टात पडलं तेव्हा फोटो किमान सात वर्षांचा जुना होता. प्रकाशक एकच काचेची निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरायचे, दुकानदार जुना माल खपेपर्यंत विकायचा, आणि घेणाराही दोन-तीन कार्डं पाकिटात ठेवून पुढच्या उन्हाळ्यात एखादं टाकायचा. शिक्का सांगतो ते एवढंच, की फोटो त्या तारखेच्या आधीचा आहे. किती आधीचा, हे ठरवायला बाकीच्या खुणा बघाव्या लागतात.

त्यातल्या बऱ्याच खुणा पाठीवर असतात. ब्रिटनमध्ये पहिलं पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८७० ला निघालं. ते सरकारी, कोरं, अर्ध्या पेनीचं तिकीट छापूनच आलेलं. खासगी प्रकाशकांची कार्डं तिकीट चिकटवून पाठवायला १ सप्टेंबर १८९४ पासून परवानगी मिळाली आणि चित्रांची कार्डं सुरू झाली. पण पाठ पूर्णपणे पत्त्यासाठी राखलेली होती. मजकूर लिहायचा तो चित्राच्या बाजूला, कडेच्या पांढऱ्या जागेत, किंवा सरळ आकाशावर. तुमच्या खोक्यात चित्राच्या ढगांत शाईने काही खरडलेलं कार्ड असेल तर ते घाण झालेलं समजून बाजूला टाकू नका, तेच बहुधा सगळ्यात जुनं असेल. १९०२ मध्ये पाठीवर मधोमध रेघ आली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. आपल्याला कार्ड म्हटलं की हेच रूप डोळ्यांसमोर येतं. तेव्हा पाठ अखंड असेल तर छपाई साधारण १९०२ च्या आधीची. आणि कार्ड नेहमीपेक्षा आखूड, थोडं चौकोनाकडे झुकलेलं असेल तर ते 'कोर्ट कार्ड'. साडेपाच इंच लांबीची कार्डं नोव्हेंबर १८९९ पासून चालू लागली, त्यामुळे हा आखूड आकार बहुतांशी त्याच्या आधीचा.

तिकिटाचा रंगही कामाला येतो. राणी व्हिक्टोरियाचं अर्ध्या पेनीचं तिकीट १९०० पर्यंत शेंदरी, त्या वर्षापासून निळसर हिरवं. सातव्या एडवर्डचं १९०२ पासून निळसर हिरवं, आणि नोव्हेंबर १९०४ नंतर पिवळट हिरवं. पाचव्या जॉर्जचा चेहरा जून १९११ मध्ये आला. ३ जून १९१८ ला कार्डाचा दर अर्ध्या पेनीवरून एक पेनी झाला, म्हणजे एकट्या हिरव्या अर्ध्या पेनीवर देशात गेलेलं कार्ड त्या दिवसाआधीचं. शिक्का पुसट असला तरी एवढ्यावर बरंच भागतं. पण एक गोष्ट गृहीत धरा: पाच-सहा कार्डांवर तिकीटच नसेल. कधीकाळी घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाने तिकिटं जमवायच्या नादात कोपरे पाण्यात भिजवलेले असतात. मी अशी शेकडो कार्डं पाहिली आहेत आणि दर वेळी त्या पोराचा कान पिळावासा वाटतो.

मजकूर वाचायचा कंटाळा करू नका. 'हवा छान आहे, एथेल बरी आहे' छापाचाच बहुतेक असतो, पण पहिल्या महायुद्धाआधीच्या वर्षांत ब्रिटनमध्ये वर्षाला ८० कोटींहून जास्त कार्डं पोस्टातून जात होती, आणि शहरात दिवसातून अनेकदा टपाल वाटलं जायचं. सकाळी टाकलेल्या कार्डावर 'संध्याकाळच्या गाडीने येते, चहा ठेव' असं लिहिलेलं सापडतं. थोडक्यात, आजचा व्हॉट्सॲप. हॉटेलच्या चित्रावर एखाद्या खिडकीवर शाईची फुली असते आणि मागे 'फुली केली ती आमची खोली' असं लिहिलेलं असतं. अशा फुलीवरून खानावळी आणि लॉजिंगची घरं ओळखता येतात, कारण त्या भागात खासगी घरं कुठली आणि पाहुणे ठेवणारी कुठली, हे बाहेरून दिसत नाही.

मग भिंग घ्या. दहापटीचं साधं भिंग पुरे. चित्राच्या काळ्या भागावर धरा. एकसारखे ठिपके दिसले, वर्तमानपत्रात दिसतात तसे, तर ते छापखान्यातलं कार्ड, हजारांनी निघालेलं. ठिपक्यांऐवजी बारीक सुरकुत्यांसारखी नक्षी दिसली तर कॉलोटाइप, म्हणजे काचेच्या प्लेटवरून केलेली छपाई. काहीच दिसलं नाही, सावली गुळगुळीत उतरत गेली, आणि कार्ड तिरकं धरल्यावर काळ्या कडांवर चांदीसारखी झाक आली, तर तो खरा फोटो, फोटोच्या कागदावर काढलेला. हे कार्ड वेगळं ठेवा. गावातला फोटोवाला पूर, आग, मिरवणूक, शाळेचा वर्ग, दुकानाचं उद्घाटन टिपायचा, रात्री प्रती काढायचा आणि लगेच विकायला ठेवायचा. अशा कार्डाच्या दोन-तीन डझन प्रती निघाल्या असतील नसतील. स्थानिक इतिहासाचा खरा माल तोच. तुमचं समुद्रातलं घर यात बसतं.

ते घर म्हणजे तुमच्या वर्थिंगचाच पिअर. पिअर १८६२ मधला. पुढे त्याच्या समुद्राकडच्या टोकावर एक पॅव्हिलियन, म्हणजे करमणुकीचं सभागृह, उभं राहिलं. २४ मार्च १९१३, ईस्टरचा सोमवार. त्या रात्री वादळाने मधला सगळा लाकडी भाग धुऊन नेला आणि पॅव्हिलियन तेवढं पाण्यात उभं राहिलं. लोकांनी त्याला लगेच 'ईस्टर आयलंड' नाव ठेवलं. पिअर दुरुस्त होऊन २९ मे १९१४ ला पुन्हा उघडला. म्हणजे तुमच्या कार्डावरचा फोटो या चौदा महिन्यांतलाच. शिक्का असो वा नसो.

हे कार्ड जरा जवळून बघू, कारण कसं वाचायचं ते यावरून कळेल. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात पुढच्या बाजूला किनाऱ्यावरचे गोटे दिसतात आणि त्यांवर फळ्यांचा ढीग पडलाय. ढीग रचलेला नाही, लाटांनी आणून टाकलेला आहे, कारण फळ्या वाटेल त्या दिशांना आहेत. म्हणजे आवराआवर सुरू व्हायच्या आत फोटो निघाला. गर्दी बघा: पुरुष हातात हात न घालता रांगेने उभे, डोक्यावर बोलर हॅट आणि कापडी टोप्या सरमिसळ. शेठ आणि गडी एकाच कुतूहलाने आले आहेत. समुद्र जवळजवळ शांत आहे. वादळाच्या रात्री काचेच्या प्लेटवर असा फोटो निघणं अवघडच, म्हणून 'वादळाचं' म्हणून विकलेलं कार्ड बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सकाळचं असतं. आणि खाली पांढरी अक्षरं जरा वाकडी आहेत बघा. ती फोटोवाल्याने निगेटिव्हवर शाईने उलटी लिहिलेली. काचेवर काळी, म्हणून कागदावर पांढरी. हाताने आरशातल्यासारखं लिहायचं, त्यात एखादं अक्षर उलटं राहून जायचं. तशी चूक दिसली तर ती जपून नोंदवा. त्याच फोटोवाल्याच्या दुसऱ्या, बिननावाच्या कार्डावर तोच हात ओळखू येतो.

मोठ्या कंपन्यांची कार्डं वेगळ्या पद्धतीने वाचायची. सरेमधल्या रायगेटची फ्रान्सिस फ्रिथ आणि डंडीची व्हॅलेंटाइन यांचे फोटोवाले देशभर फिरायचे, आणि प्रत्येक निगेटिव्हला क्रमांक असायचा. तो कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो. फ्रिथची कंपनी १९७१ मध्ये बंद पडली, पण संग्रह वाचला. व्हॅलेंटाइनचा संग्रह सेंट अँड्रूज विद्यापीठात आहे. क्रमांक कळला की फोटोचं वर्ष बऱ्याचदा लागतं. आणि आपल्या भागातली म्हणजे हेस्टिंग्जची जजेस. फ्रेड जज यांनी ती १९०२ मध्ये सुरू केली. गडद तपकिरी छटा, ओला रस्ता, ढगांतून आलेली तिरीप. कार्ड न उलटवता 'हे जजेसचं' म्हणून ओळखता यावं अशी त्यांची ढब होती. मला ती कार्डं फार आवडतात, पण इतिहासाच्या दृष्टीने थोडी धोकादायक आहेत. गाव इतकं देखणं दिसतं की गटार, जाहिरातीचे फलक, पडकी भिंत हे सगळं अंधारात जातं.

रंगीत कार्डांवर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नका. १९१४ आधीची कितीतरी कार्डं जर्मनीत छापून यायची, पाठीवर बारीक अक्षरांत 'सॅक्सनीत छापलेले' असं असतं. काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग चढवणाऱ्याने ससेक्स बघितलेलंही नसायचं. विटांचं घर पांढरं, कौलारू छप्पर हिरवं, आणि समुद्र कुठल्या कुठे निळा. 'चांदण्यातला पिअर' म्हणून विकलेलं कार्ड दुपारी बाराचं असतं, निळ्या शाईत बुडवलेलं. सावल्या बघितल्या की लक्षात येतं. कधी मोकळ्या रस्त्यावर मोटार चिकटवलेली असते, जिची सावली घोडागाडीच्या सावलीपेक्षा वेगळ्या दिशेला पडते.

मग चित्रातल्या खुणांवर या. इथे मात्र ससेक्सची माहिती हवी, नुसतं भिंग पुरत नाही. ब्रायटनच्या वेस्ट पिअरच्या मधोमध मोठं सभागृह दिसलं तर फोटो १९१६ नंतरचा. पॅलेस पिअरवर घड्याळाचा मनोरा दिसला तर १९३० नंतरचा. बॉग्नरचं नाव बघा. पाचवा जॉर्ज आजारातून उठल्यावर १९२९ मध्ये शेजारच्या ऑल्डविकला हवापालटासाठी राहिला आणि त्या वर्षी गाव 'बॉग्नर रीजिस' झालं. नुसतं 'बॉग्नर' असेल तर कार्ड आधीचं असण्याचा संभव मोठा, पण जुना माल नंतरही विकला गेला, हे विसरायचं नाही. बेक्सहिलच्या किनाऱ्यावर काचेचा गोल जिना असलेली पांढरी इमारत दिसली तर ते डिसेंबर १९३५ मध्ये उघडलेलं डे ला वॉर पॅव्हिलियन.

हेस्टिंग्जच्या कार्डांत माझा सगळ्यात लाडका पुरावा म्हणजे न दिसणाऱ्या तारा. तिथे विजेची ट्राम १९०५ मध्ये आली, पण समुद्रासमोरच्या रस्त्यावर डोक्यावर तारांचं जाळं लोकांना नको होतं. म्हणून १९०७ मध्ये त्या भागात रुळांच्या मधोमध जमिनीत लोखंडी टिकल्या बसवल्या, डॉल्टर पद्धत. ट्राम वरून गेली की तिच्या खालच्या लोहचुंबकाने टिकलीत वीज यायची, ट्राम पुढे गेली की जायची. निदान जायला हवी होती. कधीकधी टिकली जिवंतच राहायची आणि मागून येणाऱ्या घोड्याचा पाय तिच्यावर पडला की काय व्हायचं ते तुम्हीच ओळखा. १९१४ मध्ये हे प्रकरण गुंडाळलं, मग पेट्रोलवर वीज तयार करणाऱ्या ट्राम आल्या, आणि तारा शेवटी १९२१ मध्ये टाकल्या. १९२९ मध्ये ट्रामच बंद झाली. आता तुमच्या खोक्यातलं हेस्टिंग्जचं कार्ड घ्या. समुद्राकाठी ट्राम आहे आणि वर तार नाही, तर १९०७ ते १९२१. तार आहे, तर १९२१ ते १९२९. रुळांच्या मध्ये काळ्या टिकल्यांची रांग भिंगाखाली दिसली तर मला लगेच कळवा.

मोटार दिसली तर नंबर वाचायचा प्रयत्न करा. नंबर-प्लेटची सक्ती जानेवारी १९०४ पासून आहे, आणि अक्षरांवरून गाडी कुठली ते कळतं: एपी म्हणजे ईस्ट ससेक्स, बीपी वेस्ट ससेक्स, सीडी ब्रायटन, डीवाय हेस्टिंग्ज, एचसी ईस्टबोर्न. एमएच-बारा बघून आपण पुणेकर ओळखतो, तसंच. आतल्या गावातल्या कार्डावर सीडीची गाडी उभी असेल तर ब्रायटनहून सहलीला आलेलं कोणीतरी, आणि त्यामागे चहाच्या दुकानाची पाटी दिसत असेल तर त्या गावाची शेतीशिवायची मिळकत कुठून सुरू झाली ते कळलं.

खेड्यांच्या कार्डांबद्दल. पवनचक्क्यांची जोडी असेल, एक काळी आणि एक पांढरी, तर ती क्लेटनची 'जॅक आणि जिल'. पांढरी जिल मुळात १८२१ मध्ये ब्रायटनला बांधलेली. १८५२ मध्ये ती उचलून घोडे आणि बैल लावून डोंगरावर ओढत नेली. हो, बैल. नांगराच्या बैलांचं तुमचं कार्ड बघून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल, पण ससेक्सच्या चुनखडीच्या टेकड्यांवर १९२० च्या दशकापर्यंत बैलांचा नांगर चालत होता. ईस्ट डीनजवळची शेवटची जोत १९२९ मध्ये सुटली. सहलीला आलेल्या लंडनकरांना ते दृश्य इतकं अपूर्वाईचं वाटायचं की बैलांची कार्डं धडाधड खपायची. म्हणूनच ती आज इतकी सापडतात. त्यावरून गावोगाव बैल होते असं मानू नका, होते त्याच थोड्या शेतांवर फोटोवाले पुन्हा पुन्हा गेले. आपल्याकडे बैलाला आडवा पाडून पत्री मारतात, तसंच इथेही होतं: खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ, आणि पत्री ठोकताना एक माणूस मानेवर बसलेला. असं पत्री मारण्याचं कार्ड मिळालं तर ते नांगराच्या दहा कार्डांहून मोलाचं.

खेड्यातल्या रोजच्या जगण्याचे फोटो हवे असतील तर पोस्टकार्डांच्या पलीकडे जावं लागतं. पेटवर्थचे जॉर्ज गार्लंड, जन्म १९०० आणि मृत्यू १९७८. त्यांच्या सुमारे ७० हजार निगेटिव्ह चिचेस्टरच्या वेस्ट ससेक्स रेकॉर्ड ऑफिसात आहेत. मेंढपाळ, कापणी, जत्रा, शाळा, सगळं. ल्युइसमध्ये एडवर्ड रीव्ह्ज यांचा स्टुडिओ १८५५ पासून त्याच घराण्यात आहे आणि काचेच्या प्लेटा अजून तिथे आहेत. क्रिकेटचं एखादं कार्ड निघालं तर बारकाईने बघा. रणजितसिंह १८९९ ते १९०३ ससेक्सचे कर्णधार होते, त्यांचे पुतणे दुलीपसिंह १९३२ मध्ये. आपल्याकडचे रणजी आणि दुलीप हे दोन्ही करंडक ज्यांच्या नावाचे, ते दोघेही ससेक्सच्या होव्ह इथल्या मैदानावरचे.

आता सैनिकांचं कार्ड. तुम्ही ते शेवटी विचारलंत, पण खोकं त्याच्यासाठीच घेतलंत हे कळतंय.

मागची घुमटाची इमारत म्हणजे ब्रायटनची. चौथा जॉर्ज युवराज असताना त्याच्या घोड्यांसाठी बांधलेला 'डोम', आणि शेजारी त्याचं रॉयल पॅव्हिलियन. राजवाडा १८५० मध्ये नगरपालिकेने विकत घेतला होता. डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत इथे फ्रान्समधून आलेल्या जखमी हिंदी सैनिकांचा दवाखाना होता. खाटा सातशेवर. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे, एकूण नऊ स्वयंपाकघरं, पाट्या उर्दू, गुरुमुखी आणि हिंदीत. ब्रायटनच्या ए. एच. फ्राय यांनी तिथले फोटो काढले, आणि अशा फोटोंची कार्डं झाली. झुंबराखाली रांगेने मांडलेल्या खाटा, बागेत खुर्च्यांवर बसलेले फेटेवाले. राजाने आपला राजवाडा आपल्या हिंदी शिपायांना दिला, असं इथल्या लोकांना आणि हिंदुस्थानातल्या गावांना वाटावं म्हणून ही कार्डं. तुमचं कार्डही त्याच मालिकेतलं असावं. माणसं नीट अंतरावर बसवलेली आहेत, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे.

मराठे का? फेट्यावरून ठरवू नका, मी ठरवणार नाही. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला लढल्या होत्या, तेव्हा महाराष्ट्रातली माणसं त्या आघाडीवर होती हे पक्कं. पण दवाखान्यात अंगावर ओव्हरकोट किंवा रुग्णाचे कपडे, पलटणीची खूण क्वचितच. पाठीवर कोणी नाव, पलटण, क्रमांक लिहिला असेल तरच बोलता येईल. तसं लिहिलेलं कार्ड मी तीस वर्षांत दोनदा पाहिलं आहे.

त्याच शहरातला दुसरा दवाखाना कार्डांवर असा मिरवलेला दिसत नाही. एल्म ग्रोव्हवरच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये 'किचनर इंडियन हॉस्पिटल' होतं. तिथे रुग्णांना आणि हिंदी कर्मचाऱ्यांना बाहेर जायची बंदी, भिंतींवर काटेरी तारा. १९१५ मध्ये तिथल्या जगू गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जनने या बंदिवासाचा निषेध म्हणून कमांडिंग अधिकारी कर्नल सेटन यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. पॅव्हिलियनच्या बागेचं कार्ड हातात घेतलं की मला दर वेळी मैल-दीड मैलावरचे हे गोडबोले आठवतात. सैनिकांची पत्रंही आधी सेन्सॉरकडे जात. त्यांचे इंग्रजी उतारे ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात, आणि कार्डाच्या शेजारी ते ठेवून वाचले की चित्र बदलतं.

इथे वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन शहराबाहेर पॅचमच्या डोंगरावर झालं, एकूण ५३. मुसलमान सैनिकांना सरेमध्ये वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं. दहनाच्या जागी संगमरवरी छत्री उभी राहिली, १ फेब्रुवारी १९२१ ला युवराजांच्या हस्ते तिचं अनावरण झालं. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिकेस या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा. छत्रीची कार्डं १९२० च्या दशकापासून निघाली. ती बघून मोकळ्या माळावर ती किती एकटी उभी होती ते कळतं. २०१० मध्ये शेजारी ५३ जणांची नावं कोरलेला दगड बसवला. तुम्ही वर्थिंगला आहात, एक दिवस काढून चढून या. कार्डावर नावं नाहीत, तिथे आहेत.

पुढचा शोध कुठे घ्यायचा? ब्रायटनजवळ फामरला 'द कीप' आहे, ईस्ट ससेक्स आणि ब्रायटनची कागदपत्रं तिथे, वेस्टची चिचेस्टरला. दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचता आलं तर जुन्या केलीज डिरेक्टरीत शोधा, रस्त्यावर कोण किराणावाला आणि कोण लोहार हे त्यात असतं. दोन आवृत्त्यांमध्ये नाव आलं आणि पुढच्या आवृत्तीत गेलं की फोटोची तारीख त्या वर्षांत अडकते. मग १९११ ची जनगणना लावा, दुकानदाराच्या घरात किती पोरं होती तेही कळेल. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे फुकट आहेत. फोटो कुठे उभं राहून काढला ते त्यावर बोट ठेवून सांगता येतं.

किमतीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो: पिअर आणि चर्चची छापील कार्डं पौंड-दोन पौंडांची, वादळाचं आणि सैनिकांचं त्याहून बरंच जास्त. विकायचंच असेल तर खोकं फोडायच्या आधी दफ्तरखान्याला स्कॅन देऊन ठेवा. स्कॅन ६०० डीपीआयने, दोन्ही बाजूंचं, कडा न कापता. लॅमिनेट करू नका, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, मागे पेनने काही लिहू नका. आणि गठ्ठ्याला लावलेला तो रबर बँड आजच काढा, छायाचित्रात वरच्या कार्डावर त्याची पिवळी रेघ उमटायला लागलेली दिसते.